एका घराने बी टिकत नाही

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना मराठवाडा संपता संपता कनेरगाव नाका लागते. पुढे पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. पूर्णा-अकोला लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक, हमरस्त्याच्या कडेने दुकाने, आणि गावाबाहेर पडले की काळ्या रानात सोयाबीन नि तूर. आज ही हद्द दोन जिल्ह्यांची आहे. स्वातंत्र्यापूर्वी ती दोन राजवटींची होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी अंमलाखालचा वऱ्हाड. अशा हद्दींवर मालाची जकात घेतली जाई आणि निजामाच्या राज्यात त्या खात्याला करोडगिरी म्हणत. संस्थान गेले, करोडगिरी गेली, नाका नावापुरता उरला. मात्र राजवटी दोन असल्या तरी सोयरिकी दोन्हीकडे होत होत्या, आणि सोयरिकीबरोबर बियाणे जात होते. नांदायला निघालेल्या लेकीच्या गाठोड्यातली वालाची, दोडक्याची, काशीफळाची पुरचुंडी करोडगिरीच्या नजरेत भरावी एवढी मोठी कधीच नसते.

या अंकासाठी संपादकांनी ‘साठवण’ हा विषय दिला, तेव्हा बियाण्यांचा विचार ओघानेच आला. बियाणे साठवण्याबद्दल मराठीत जे लिहिले जाते त्यात बहुधा भांडे असते: गाडगे, कणगी, राख, कडुनिंबाचा पाला. ते सगळे खरे आहे आणि उपयोगाचेही आहे. पण परसातल्या बियाण्यामागचे शास्त्र आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या राखले त्यांचे व्यवहार शेजारी ठेवून पाहिले, तर भांड्याचे महत्त्व बरेच कमी होते. कितीही निगुतीची गृहिणी असो, एकट्या घराच्या बळावर एखादे वाण पिढीभर शुद्ध आणि सशक्त ठेवणे जवळजवळ अशक्य असते. ते टिकते तेव्हा चार घरांत असते म्हणून टिकते. आपण बियाण्याचे वाटप हे साठवणीनंतरचे औदार्य समजतो. माझ्या मते वाटप हा साठवणीचाच भाग आहे, आणि वाळवणे-निवडणे याला जसे नियम आहेत तसे वाटपालाही असले पाहिजेत.

दुकानातले बी, बांधावरचे बी

मृग तोंडावर आला की या पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. सोयाबीनच्या पिशव्या, तुरीचे बियाणे, कपाशीची पाकिटे, आणि काउंटरवर रंगीत चित्रांच्या पुड्यांत भेंडी, गवार, दोडका, पालक. १९७६ साली स्थापन झालेल्या ‘महाबीज’चे मुख्यालय इथून फार दूर नाही, अकोल्यालाच आहे. मोठ्या पिकांची बियाणे अशा संस्थांकडून किंवा खाजगी कंपन्यांकडून यावीत हे ठीकच आहे. पण याच दिवसांत दुसरी एक पेरणी चाललेली असते, तिची नोंद कुठल्याही खरीप आढाव्यात होत नाही. सोयाबीनच्या धुऱ्याला अंबाडी टाकली जाते. तुरीच्या ओळीत वाळकाच्या, शेंदाडाच्या बिया पडतात. उकिरड्याच्या कडेला काशीफळ, न्हाणीच्या पाण्यावर वाल, कुडावर दोडका आणि गिलके. हे बी विकत घेतलेले नसते. ते गेल्या वर्षीच्या वेलीचे असते, नाहीतर शेजारणीचे.

या दुसऱ्या पेरणीतली कित्येक वाणे दुकानात मिळतच नाहीत, आणि त्याला कोणाचे कारस्थान कारण नाही. बियाणे कंपनीला असे वाण हवे असते जे एकदम फळावर येईल, एकसारखे दिसेल, टोपल्यांतून शहराच्या बाजारापर्यंत टिकेल आणि चार जिल्ह्यांत खपेल. वाळूक यातल्या कुठल्याच कसोटीला उतरत नाही. ते पिकले की फुटते, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नसतो, आणि ते रानात बसून खायचे फळ आहे. घरच्या वालाचेही तसेच. एखाद्या घरच्या शेंगेला जांभळी कड असते, एखादीचा दाणा काळा, एखादा वेल थंडी पडल्यावर जो फुलतो तो संक्रांत उलटली तरी थांबत नाही. घराला रोज ओंजळभर शेंगा हव्या असतात, एका आठवड्यात पोतेभर नको असतात. म्हणजे घराची गरज आणि बाजाराची गरज इथे सरळ वेगळी आहे. बाजार जे राखणार नाही ते घराला राखावे लागते.

शंभराची बेरीज

घर ते राखू शकते का, याचे उत्तर आधी हवामानाला विचारावे लागते. जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाने साठवणीचे जे ठोकताळे मांडले ते आजही जगभर वापरले जातात. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरवले की पुन्हा दुप्पट. हॅरिंग्टनचाच आणखी एक सोपा नियम आहे: साठवणीच्या जागेचे फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतील आर्द्रतेचे टक्के यांची बेरीज शंभराच्या आत असावी. आता हा नियम हिंगोलीला लावून पाहा. मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसवर जातो, म्हणजे १०७ फॅरनहाइटच्या पुढे. हवेत ओलाव्याचा थेंब नाही असे धरले तरी शंभरी केव्हाच ओलांडली. श्रावणात तापमान २८ अंशांवर उतरते, म्हणजे ८२ फॅरनहाइट, पण आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात; बेरीज १६७. वर्षातला एकही महिना नियमात बसणे कठीण.

आपल्या जुन्या पद्धतींची करामत या आकड्यांपुढे ठेवली की कळते. तापमानाचे काही करता येत नव्हते, म्हणून सगळा जोर ओलाव्यावर आणि किडीवर दिला गेला. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत बी वाळवायचे, भाजीचे बी तापल्या पत्र्यावर न टाकता सावलीच्या कडेला सुपात पसरायचे, दाताखाली कट्‌कन मोडेल इतके वाळले की गाडग्यात राखेसह भरून तोंड शेणामातीने लिंपायचे. राख दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडून त्याला सुकवून मारते. कडधान्यांच्या बाबतीत ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण वाल-चवळीला लागणारा भुंगा घरात येऊन अंडी घालतो असे नाही. पुष्कळदा त्याने शेतातच, वाळत्या शेंगेवर अंडी घातलेली असतात. स्वच्छ बरणीत घट्ट झाकण लावून ठेवलेला वाल दोन महिन्यांत पिठासारखा होतो तो यामुळे. दाण्याला खाद्यतेलाचा अगदी पातळ हात दिला तर हे बरेचसे टळते.

आज गाडग्याच्या जागी झाकणाची काचेची बरणी वापरावी, यात मला काही गैर वाटत नाही. मातीचे भांडे श्वास घेते हे कौतुकाने सांगितले जाते. पावसाळ्यात बियाण्याला तो श्वास नकोच असतो. बरणीच्या तळाशी कोरडा भाजून गार केलेला तांदूळ फडक्यात बांधून ठेवला की तो आतला ओलावा ओढून घेतो. ही बरणी फ्रिजमध्ये ठेवता आली तर बेरीज सत्तरच्या आसपास येते आणि बी कितीतरी वर्षे राहते. फक्त बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार बियांवर दव धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. तरीही मर्यादा राहतातच. कांद्याचे बी घरात वर्षभराच्या पुढे भरवशाचे नसते, भेंडीचे दोनेक वर्षे, वाल-चवळीचे तीनेक, वांगी-टमाट्याचे चार, काकडी-भोपळ्याच्या कुळाचे जरा जास्त. म्हणजे भांडे कितीही उत्तम असले तरी घरच्या बियाण्याला दर दोन-तीन वर्षांनी मातीत जावेच लागते. आणि ज्या वर्षी ते मातीत जाईल, ते वर्ष चांगले जाईल याची हमी कोण देणार?

दोन वेलींचे गणित

मातीत गेल्यावर दुसरी अडचण सुरू होते, ती मधमाशीची. वाल, चवळी, मेथी, टमाटा यांची फुले बव्हंशी स्वतःच्याच परागाने फळतात. यांचे बी राखायला दोन-चार झाडे पुरतात आणि पुढच्या वर्षी जवळपास तेच वाण येते. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. वांगी, मिरची आणि भेंडी मधल्या गोटातली; शेजारी दुसरे वाण असेल तर थोडी भेसळ होते, पण फुलाला उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधली की काम भागते. खरी कसरत वेलींची. काकडी, दोडका, कारले, दुधी, काशीफळ यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात, आणि माशी या कुडावरून त्या कुडावर जाताना कोणाचे वाण कोणते हे विचारत नाही.

इथे एक दिलासा आहे, तो फारसा माहीत नसतो. दुधी आणि दोडका शेजारी लावले तरी त्यांची आपसात भेसळ होत नाही. दुधी आणि काशीफळाचीही नाही, कारण त्या वेगळ्या प्रजाती आहेत. काकडीची वाळकाशी होत नाही. पण वाळूक, शेंदाड आणि खरबूज ही एकाच प्रजातीची भावंडे, ती सर्रास मिसळतात. म्हणून ज्या रानात खरबुजाचा प्लॉट आहे त्याच्या धुऱ्यावरच्या वाळकाचे बी राखायचे तर फूल हाताने फळवावे लागते. आदल्या दिवशी उद्या उमलणारी नर आणि मादी कळी दोऱ्याने बांधायची, उमलायच्या वेळी सोडून नर फुलाचा पराग मादीला लावायचा, मादी पुन्हा बांधायची आणि त्या फळाच्या देठाला चिंधीची खूण करायची. काकडी-भोपळ्याचे हे काम सकाळचे, दुधी आणि दोडक्याचे संध्याकाळचे, कारण ती फुले दिवस कलल्यावर उमलतात. दुधीच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळायलाच हवे. फळ कडू लागले तर ते खायचे नाही आणि त्याचे बीही राखायचे नाही. त्या कडूपणामागचे द्रव्य विषारी असते आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत.

एवढे करूनही एका परसात वेली किती असणार? दोन, फार तर तीन. काकडी-भोपळ्याचे कूळ याबाबतीत सोशिक आहे, थोड्या वेलींतून बी घेत राहिले तरी लगेच खंगत नाही. मका आणि कांदा मात्र तसे नाहीत. मक्याची मोजकी ताटे राखून त्यांचेच बी लावत गेले तर काही पिढ्यांत कणसे आखूड होतात, दाणे विरळ भरतात. मक्याचे वाण सशक्त ठेवायला शंभरेक ताटे तरी लागतात, आणि ती परसात मावत नाहीत. शिवाय दोन वेलींतून एकच फळ बियाला ठेवणाऱ्या घराने त्या वाणाच्या रूपांपैकी कितीतरी रूपे नकळत बाजूला टाकलेली असतात. हेच वाण वस्तीतल्या दहा घरांत असेल आणि दर काही वर्षांनी त्यांच्यात मूठमूठ अदलाबदल होत असेल, तर दहा परसे मिळून एक शेत तयार होते. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वाणाचा जनुकसाठा त्या दहा घरांत मिळून असतो, एकेका घरात त्याचा तुकडा.

दुप्पट परत

ज्यांनी हे काम खरोखर तडीस नेले त्यांचे व्यवहार हेच सांगतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना सगळा महाराष्ट्र बीजमाता म्हणून ओळखतो. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. छायाचित्रांत त्यांच्यामागे बियाण्यांची मडकी आणि डबे दिसतात, त्यामुळे लोकांना वाटते की हा एक संग्रह आहे. त्यांच्या बीजबँकेचा कणा मात्र संग्रहात नाही, देवघेवीत आहे: बी न्यावे, लावावे आणि हंगामानंतर दुप्पट परत करावे. बायफ या संस्थेच्या मदतीने त्या भागातल्या गावांत जे काम उभे राहिले ते याच रीतीवर. दुप्पट परत करण्याच्या अटीत सावकारी शोधणाऱ्याला तिचे मर्म कळलेले नाही. नेलेले बी कोणीतरी लावतेच, त्याचे बी धरतेच आणि बँकेत ताजे बी येतेच, एवढे त्या अटीने साधते. ती व्याजापेक्षा पुनरुत्पादनाची अट आहे.

कनेरगावला आणखी जवळचे वाटावे असे उदाहरण तेलंगणातल्या जहीराबादचे आहे. जहीराबाद आणि हिंगोली दोन्ही एकेकाळी एकाच हैदराबाद संस्थानात होती, आणि दोन्हीकडे कोरडवाहू शेतीच मुख्य. तिथे १९८३ साली स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतून, म्हणजे गावातल्या गटांतून, दलित समाजातल्या स्त्रियांनी ज्वारी, राळा, तूर, जवस यांची बियाणी गावोगावी उभी केली. त्या बैलगाड्यांवर बियाणे मांडून गावोगाव जत्रा काढतात. २०१९ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ही बियाणी तिजोरीत ठेवली असती तर पुरस्कार मिळाला असता की नाही कोणास ठाऊक; बियाणे मात्र राहिले नसते.

तिजोरीचाही मुद्दा घेऊ, कारण हमखास विचारले जाते की सरकारी जनुकपेढ्या असताना घराघरांत हा उपद्व्याप कशाला? दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत उणे १८ अंशांवर बियाणे ठेवले जाते आणि त्याचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्यातच आहे. २०२२ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने राज्याच्या जनुककोश प्रकल्पालाही मान्यता दिली. हे हवेच. पण जगातल्या सर्वांत भक्कम पेढीचा अनुभवही वाटपाच्याच बाजूने साक्ष देतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली उघडलेल्या कोठारातून बियाणे परत मागण्याची पहिली वेळ २०१५ साली आली. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची आंतरराष्ट्रीय जनुकपेढी वापरण्याजोगी उरली नव्हती. ते बियाणे वाचले, कारण त्याचा दुसरा संच दुसऱ्याच्या घरी ठेवलेला होता. नंतर ते लेबनॉन आणि मोरोक्कोत वाढवून २०१७ साली कोठारात पुन्हा भरण्यात आले. शेजारणीला वालाची मूठ देणारी बाई हेच करते. शिवाय पेढीतले बी झोपलेले असते. गेल्या दहा वर्षांत ऑक्टोबरमधला पाऊस लांबत गेला हे त्याला माहीत नसते. धुऱ्यावरच्या अंबाडीला असते.

हळदीचे बेणे, सोयाबीनची उगवण

परसाबाहेर, मोठ्या पिकांतही हीच गोष्ट पाहायला मिळते, आणि तिथे तिच्या दोन्ही बाजू दिसतात. हिंगोली जिल्ह्याचे नाव हळदीशी जोडलेले आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळद बियांपासून लावत नाहीत, तिचे बेणे असते. काढणीच्या वेळी निरोगी, जाडजूड गड्डे बाजूला काढून झाडाच्या गार सावलीत हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवायचे आणि मे-जूनमध्ये लावायचे. एकरी साधारण दहा क्विंटल बेणे लागते, त्यामुळे नव्याने लावणारा ते बहुधा दुसऱ्या शेतकऱ्याकडूनच घेतो. तमिळनाडूतल्या सेलमचे नाव धारण करणारे वाण इथल्या शिवारांत पसरले ते बरेचसे या हातोहात देवघेवीने. पण त्यातून दुसरेही काही घडले. बेणे म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. सगळ्यांनी एकमेकांकडून एकच चांगले बेणे घेतले तर सगळ्या शिवारात एकच झाड उभे राहते, आणि कंदकूज बेण्याबरोबरच नव्या शेतात जाते. वाटपाने वैविध्य आपोआप वाढते, असे समजणाऱ्यांनी हळदीकडे पाहावे. काय वाटतो आणि ते निरोगी आहे का, हे प्रश्न वाटपाइतकेच महत्त्वाचे आहेत.

सोयाबीनने २०२० साली दुसरा धडा दिला. त्या खरिपात राज्यभरातून, विशेषतः मराठवाडा आणि विदर्भातून, बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मूळ कारणांतले एक आदल्या वर्षीचे होते: २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऐन काढणीत पाऊस झाला, शेंगा भिजल्या आणि दाण्यातली उगवणशक्ती गेली. सोयाबीनचे टरफल पातळ असते. पोते उंचावरून आपटले तरी त्याला इजा होते, मग भिजल्यावर काय! कृषी खात्याने घरचे बियाणे वापरण्याचा आणि पेरणीआधी गोणपाटावर शंभर दाणे मोजून उगवण तपासण्याचा प्रचार केला. सत्तर दाणे उगवले तर एकरी तीस किलो पुरे, त्याहून कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे. सोयाबीन स्वपरागी असल्याने घरचे बी तीन वर्षे बिनघोर चालते, हा सल्ला शास्त्राला धरूनच आहे. पण ज्या पावसाने कंपनीचे बीजप्लॉट भिजले त्याच पावसाने घरचे पोतेही भिजले होते. अशा वेळी उपयोगी पडतो तो पाऊस न झालेल्या भागातला सोयरा. पुढच्या वर्षांत मराठवाड्यात बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेण्याचे प्रमाण वाढले, तेही याच जाणिवेतून: एकाच हंगामावर, एकाच शिवारावर सगळे बियाणे टांगून ठेवू नये. परसातल्या वालालाही हाच न्याय लागू आहे. बी नदीपलीकडे गेलेले बरे.

वीस रुपयांच्या पुडीसाठी एवढे?

आता आक्षेप. पहिला रोकडा आहे: पुडी दहा-वीस रुपयांना मिळते, मग चिंध्या बांधत कोण बसणार? पालक, मुळा, कोथिंबिरीच्या बाबतीत मला हा आक्षेप मान्य आहे. पालकाचा पराग वाऱ्याने उडतो, घरच्या चार रोपांतून चांगले बी काढणे जिकिरीचे. ते विकत घ्यावे. विक्रीसाठी मिरची-टमाट्याचा प्लॉट लावणाऱ्यानेही संकरित बियाणे घ्यावे, त्याचे गणित वेगळे आहे. त्या संकरित झाडाचे बी मात्र राखू नये, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. देशी म्हणजे रोगाला न बळी पडणारे, असे जे सरसकट सांगितले जाते तेही खरे नाही. देशी भेंडीवरही केवडा येतो. राखायचे ते असे वाण, जे पुडीत मिळत नाही आणि जे घरातल्या कोणाला तरी आवडते. आवडीचा मुद्दा भाबडा वाटेल, पण ज्याची भाजी कोणी मागत नाही ते वाण दोन वर्षांत परसातून जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वाटपाबरोबर रोग पसरतात. वालाचे, चवळीचे काही विषाणू बियातून जातात. म्हणून ज्या वेलीची पाने आकसली, चट्टेरी झाली, तिचे बी कितीही भरदार असले तरी ते देऊ नये. टमाट्याचा गर दोन दिवस आंबवून मग बी धुतले की वरचा बुळबुळीत थर आणि त्याबरोबर काही रोगजंतूही निघून जातात. घरच्या बियाण्याला हाताने निवडण्याचा फायदा आहे, तो घ्यावा.

कायद्याची भीतीही अधूनमधून घातली जाते. २०१९ साली गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने दावे लावले, तेव्हा ती अधिकच पसरली. महिन्याभरात कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ याच्या कलम ३९ नुसार शेतकरी आपले बियाणे राखू, पेरू, बदलू, वाटू आणि विकूही शकतो, अगदी ते वाण संरक्षित असले तरी. संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकायचे नाही, एवढीच मेख. परसातल्या वालाला तर कोणाच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो आणि त्याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. बियाणे राखणे हे बायकांचे काम मानले गेले. निवडणे, वाळवणे, राखेत घोळणे, लक्षात ठेवणे, देणे-घेणे, सगळे त्यांनी केले. सातबारा बहुधा दुसऱ्याच्या नावावर राहिला. आता त्याच कामाचे गोडवे गाऊन त्यांच्यावर आणखी बोजा टाकायचा का? ‘उमेद’ अभियानातून बचत गटांच्या स्त्रियांनी पोषण परसबागा केल्या तेव्हा हा प्रश्न कृतीतच उभा राहिला. गटाच्या महिन्याच्या बैठकीत बियाण्याची नोंदवही असावी, देवघेव तिथेच व्हावी, काम दहा जणींत विभागले जावे, हे करता येते. त्याने एकटीवरचा भार हलका होतो. पण घरातल्या पुरुषाने दोडक्याची कळी बांधायला शिकावे, हे कुठल्याही अभियानाने व्हायचे नाही.

परसच राहिले नाही, हेही खरे आहे. कुडाच्या जागी सिमेंटची भिंत आली, न्हाणीचे पाणी नालीत गेले, उकिरड्याच्या जागेवर मोटारसायकल उभी राहते. ज्यांना धुरा नाही, अंगण नाही, त्यांनी स्लॅबवरच्या डब्यात वालाचा एक वेल लावला तरी ते साखळीतले एक घर होतात. सगळ्यांनी सगळे राखण्याची गरज नाही. एका घराने एक वाण पत्करावे.

हा अंक हाती येईल तेव्हा भेंडीच्या झाडांवर शेवटच्या शेंगा असतील आणि दोडक्याचा वेल आवरत आलेला असेल. सर्वांत चांगल्या झाडावरच्या दोन शेंगा आणि एक दोडका बियाला सोडा, झाडावरच वाळू द्या. उरलेसुरले खुजे फळ बियाला ठेवण्याची सवय मोडा. काढलेल्या बियाचे तीन वाटे करा: एक घरात, एक गल्लीतल्या घरी, आणि एक गावाबाहेर, शक्यतो वेगळ्या पावसाच्या मुलखात. दिवाळीला लेकी-बहिणी माहेरी येतातच. परत जाताना फराळाच्या डब्याबरोबर एक पुडी द्या, तिच्यावर वाणाचे नाव, गाव आणि वर्ष लिहा, आणि पुढच्या दिवाळीला दुप्पट परत मागा.